येऊरच्या पायथ्याचे घर : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

ठाण्यात घोडबंदर रस्त्यापासून आत, येऊरच्या डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या एका मोठ्या गृहसंकुलात आम्ही दोन वर्षांपूर्वी दोन बेडरूमचे घर घेतले. विकासकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते या पट्ट्यातील बऱ्याच संकुलांना लागू पडेल. त्याआधी कळव्यात दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसे राहत होतो आणि रात्री आईला उठायचे झाले तर दोघांना अंथरूण गुंडाळावे लागे. त्यामुळे ‘आता बांधकामे पुरे’ असे म्हणणे मला शक्य नाही. परवडणारे घर मिळाले नाही की माणसे काय पत्करतात, हे 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 जणांचा जीव गेला तेव्हा आपण पाहिले आहे.

घराचे बांधकाम चांगले आहे. दोन पावसाळ्यांत भिंतीला ओल आलेली नाही, स्वयंपाकघरात उजेड भरपूर आहे आणि लिफ्ट क्वचितच बंद पडते. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात व त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये दिसतो, हे मात्र आधीच गृहीत धरावे.

आम्ही जास्तीचे पैसे मोजले ते पश्चिमेच्या गॅलरीसाठी. पहिला पाऊस पडला की समोरचा तांबूस उतार आठवड्याभरात हिरवा होतो, पहाटे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडत राहतो आणि खालच्या ओढ्याचा आवाज आठव्या मजल्यापर्यंत येतो. विक्री कार्यालयात आम्हाला हा उतार ‘कायमचा हिरवा पट्टा’ म्हणून दाखवला गेला. करारनाम्यात मात्र त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. ताबा मिळाल्यानंतर मी महापालिकेच्या विकास योजनेचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा, नकाशा काढून पाहिला, तेव्हा आमच्या कुंपणाला लागून असलेला भूखंड पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी विभागात निघाला. त्यावर उद्या इमारत उभी राहिली तर ती कायदेशीरच असेल. चूक आम्हीही केली, कारण नकाशा घर घेण्यापूर्वी पाहायचा असतो.

येऊरचे जंगल ज्यात येते ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे आणि 2016 च्या अधिसूचनेने त्याभोवती पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेले, क्षेत्र ठरवले आहे. या क्षेत्राची रुंदी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे ‘उद्यान जवळ आहे, म्हणजे येथे कोणी बांधणार नाही’ हा समज अगदी चुकीचा आहे. येथे घर घेणाऱ्याने विकास योजनेचा अभिप्राय (भूखंड कोणत्या विभागात आहे याचा महापालिकेचा दाखला) आणि सातबारावरील ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतः वाचावा. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली आलेल्या जमिनींवर मुलुंड-ठाणे भागात इमारती उभ्या राहिल्या, त्यांत राहणारी हजारो कुटुंबे आपले घर वनजमिनीवर ठरणार का या चिंतेत होती, आणि अनेकांना दिलासा मिळाला तो 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. जमिनीची नोंद वेळेवर स्पष्ट झाली नाही की घरही अडकते आणि वनही वाचत नाही.

व्यवस्थापनाबद्दल माझी खरी तक्रार कुंपणावरच्या दिव्यांची आहे. डोंगराकडे तोंड केलेले हे प्रखर दिवे रात्रभर जळत असतात. मागच्या दाराशी ओल्या कचऱ्याचे डबे उघडे राहतात, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. तो दिसला की पिंजरा लावण्याची मागणी होते. कचरा वेळेवर उचलावा आणि दिव्यांची तोंडे खाली वळवावीत, असे मी सोसायटीला दोनदा लेखी कळवले. डबे आता झाकलेले असतात, दिवे अजून तसेच आहेत.

घराची गरज भागवण्यासाठी हा उतारच हवा, असे मला पटत नाही. ठाण्यातल्याच किसननगरसारख्या दाटीच्या वस्तीत समूह पुनर्विकासातून, म्हणजे अनेक जुन्या इमारती एकत्र पाडून नव्याने बांधण्यातून, तेथेच राहणाऱ्यांना पक्की घरे देता येतात, रेल्वे स्थानकही जवळ राहते आणि नवा डोंगर फोडावा लागत नाही. असे काम सावकाश आणि कटकटीचे असते, पण कळव्याच्या खोलीत असताना आम्हाला डोंगराचा देखावा नको होता, स्टेशनजवळ स्वतंत्र मोरी असलेले घर हवे होते.

बांधकामाला मी पाचपैकी चार गुण देईन, विक्रीच्या वेळी दिलेल्या माहितीला एकच. घ्यायचेच असेल तर रस्त्याकडच्या रांगेतले घर घ्यावे, कारण ते स्वस्त पडते. पुढच्या सुधारित विकास योजनेवर हरकती मागवल्या जातील तेव्हा हा भूखंड हरित विभागात घ्यावा असा अर्ज मी देणार आहे, आणि आमच्या मजल्यावरच्या चारही घरांनी त्यावर सह्या केल्या आहेत.