सेकंडहँड स्प्लेंडर प्लस (2018): आठ महिने, सात हजार किलोमीटरनंतर

गाडी 2018 ची, बीएस-4 (तेव्हाच्या प्रदूषण नियमांची), कार्बोरेटरवाली, सेल्फची. घेताना मीटरवर 38,400 होते, आज 45,600 आहेत. रोज सासवड–हडपसर, म्हणजे दिवे घाट दोनदा, भर पावसाळ्यासकट. एवढ्या काळात हेड-पिस्टन खोलायची वेळ आली नाही. खर्च झाला तो आधीच्या सात वर्षांत कुणी उघडूनच न पाहिलेल्या जागांवर. वरवर मात्र टाकीला पॉलिश, सीटला नवं कव्हर, सायलेन्सरला चंदेरी रंग. विकायच्या गाडीवर एवढंच काम झालेलं असतं.

मीटरवर विसंबू नका. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते. ती काढून ठेवली की गाडी पळते आणि आकडा जागेवर राहतो. त्यापेक्षा फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची झिजलेली कड आणि चावीचं भोक पाहा. मीटर वीस हजार दाखवतंय आणि पेडल आरशासारखं गुळगुळीत झालंय, तर पेडल खरं बोलतंय.

पहिलं काम ऑइलचं, पण नुसतं बदलून भागत नाही. या इंजिनात कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, फिरणारी एक वाटी असते. ती गरगर फिरते तेव्हा ऑइलमधले जड कण बाहेर फेकले जाऊन तिच्या भिंतीला चिकटतात. त्याखेरीज तळाशी एक जाळी. किक आणि उजवं कव्हर काढल्याशिवाय या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत, म्हणून साध्या सर्व्हिसिंगमध्ये त्यांना कुणी हात लावत नाही. या गाडीच्या वाटीत काळपट राखाडी लगदा निघाला, बोटाने खरवडला तर शाडूच्या मातीसारखा. वाटी भरली की पुढचे कण वर हेडपर्यंत जातात आणि कॅम-रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, झिजवतात. मग ‘इंजिन वाजतंय’ म्हणून मोठं काम निघतं. लगदा लाकडी काडीने काढायचा, वाटी आणि जाळी रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवायची, आणि कव्हरचं गॅस्केट नवंच घालायचं. जुन्या गॅस्केटवर सिलिकॉन थापणाऱ्याला तिथेच थांबवा. जास्तीचं सिलिकॉन आत तुटतं आणि जाळीत जाऊन बसतं.

ऑइल 10डब्ल्यू30, डब्यावर ‘जासो एमए’ (बाइकच्या ऑइलचं मानक) असलेलं. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. डबा 900 मिलिलिटरचा मिळतो. तो डोळे झाकून उपडा करू नका. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा. मग डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. वरच्या खुणेच्या वर ऑइल जाऊ देऊ नका. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरवर काढून टाकलं, कारण सुटलेला मळ त्यात उतरतो. त्यानंतर दर तीन हजारांनी. ड्रेन बोल्टचा वॉशर बदला आणि बोल्ट अंगातला जोर लावून आवळू नका. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की तिथून ऑइल झिरपतच राहतं.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधल्या फटीबद्दल, एक गैरसमज पक्का रुजलाय: आवाज नाही म्हणजे सेटिंग चांगलं. विकण्याआधी आवाज दबावा म्हणून टॅपेट घट्ट करून दिलेले असतात. अशी गाडी शांत वाटते, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, चढाला दम लागतो. तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. इथे एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) सगळ्यात पातळ पातीही शिरत नव्हती. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, फ्लायव्हीलची ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवून, दोन्ही रॉकर सैल असताना गॅप धरायचा, तोही पातीनेच, अंदाजाने नाही. आता सकाळी हलका टिक-टिक आवाज येतो. तो असाच असायला हवा.

चेनवर बंद कव्हर असतं. धूळ बसत नाही हा फायदा, दुर्लक्ष होतं हा तोटा. कव्हरच्या रबरी बुचातून ताण बघायचा: खालीवर 20 ते 30 मिमी. चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एके ठिकाणी घट्ट, दुसरीकडे सैल लागली तर चेन असमान ताणली गेलीय, ती कितीही ओढून उपयोग नाही. पुढचं 14 दात्यांचं आणि मागचं 44 दात्यांचं स्प्रॉकेट चेनसोबतच बदलावं. जुन्या, हुकासारख्या वाकलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर खलास होते. चाक काढलंच आहे तर हबमधली रबरं बघून घ्या. गिअर टाकताना मागून ‘धक्’ असा हिसका बसत होता, तो क्लचचा निघाला नाही, या पिचलेल्या रबरांचा निघाला. चेन ओढली की चाक मागे सरकतं आणि मागचा ब्रेक आवळला जातो. तो पुन्हा सेट केला नाही तर लायनर घासत राहतो आणि अॅव्हरेज कुठे गेलं ते कळत नाही.

पावसाळ्यात गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा सांगणारे ‘प्लग बदला’ म्हणत होते. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं, तेव्हा दोन थर स्पष्ट वेगळे दिसले. खालचा थर पाण्याचा. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादेबाहेर पाणी गेलं की दोघं मिळून तळाशी बसतात, नेमकं पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. झाकणाचं रबर बदललं, टाकी रिकामी करून पुसली, कॉकची जाळी साफ केली. पेट्रोलचा पाइपही नवा टाकला, कारण जुना वाकवला की तडे दिसत होते.

कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्यांची, परीक्षा सोपी आहे. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल अलगद फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत पडल्यासारखं अडलं तर वाट्या गेल्या. नुसतं आवळून ही खाच जात नाही, उलट हँडल जड होतं. इथे पूर्ण सेट बदलला आणि घाटातल्या वळणांवर गाडीचं भिरभिरणं थांबलं. सगळ्या खर्चात पैसे वसूल झाले ते यात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसत असली तरी इतकं जुनं रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही. हवा पुढे 25, मागे एकट्याला 28, डबलसीट 40 पीएसआय. ब्रेक ड्रमवरचा बाण ब्रेक दाबल्यावर खुणेपाशी पोचला की लायनर बदला. दिवे घाट उतरताना गाडी तिसऱ्यात ठेवा. नुसत्या ड्रम ब्रेकवर उतरलात तर खाली येईतो पेडल मऊ पडलेलं असतं.

कागदपत्रांत मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा 35, आणि चलान बाकी आहे का तेवढं बघा. विम्याचं मात्र नीट वाचा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकींना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा होता. 2018 मध्ये घेतलेल्या गाडीचा तो 2023 मध्येच संपला, आणि ‘विमा आहे की’ म्हणणाऱ्या मालकालाही ते ठाऊक नसतं. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागते, दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी.

अॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलं, त्याच पंपावर: सुरुवातीला लिटरला 49 किलोमीटर, टॅपेट आणि ब्रेक झाल्यावर 57, एअर फिल्टर आणि प्लगनंतर 62. घाट धरून यापेक्षा जास्त मागणं चूक. फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका, बदलाच.

बाकी राहिलंय ते पुढच्या शॉकअपचं. डाव्या नळीवर ऑइलची ओली कड धरतेय. सील दोन्ही बाजूंची एकदम बदलायची आणि ऑइल मापाने दोन्हीकडे सारखंच भरायचं. नळीला गंजाचा खड्डा असेल तर नवं सील महिन्याभरात पुन्हा फाटेल, म्हणून सील विकत घेण्याआधी नळीवरून नख फिरवून बघणार.