अर्धाच दिवस आहे: एस्लिंगेन की ट्यूबिंगेन?

कामासाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला आलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसांचा शेवटच्या दिवशी ठरलेला प्रश्न असतो: "पाच-सहा तास मोकळे आहेत, एखादं जुनं गाव बघून होईल का?" होईल. माझ्या यादीत दोनच नावं आहेत. दोन्ही गावं नेकार नदीवर, दुसऱ्या महायुद्धातून दोन्ही बरीचशी शाबूत राहिलेली, त्यामुळे लाकडी सांगाड्याची घरं खरोखरची जुनी. शिवाय ट्यूबिंगेनची गाडी एस्लिंगेनवरूनच जाते, म्हणून "दोन्ही उरकून टाकू" असा मोह होतो. मी पाहुण्यांना घेऊन एकदा तसं केलं. लक्षात राहिले ते फलाट.

हिशेब सोपा आहे. एस्लिंगेन लोकल गाडीने, म्हणजे एस-बानने, पाव तासाच्या आसपास. ट्यूबिंगेनला जायलाच पाऊण ते एक तास, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास गाडीतच गेले. गाडी चुकली किंवा उशिरा आली (येते, जर्मनीबद्दलचे गैरसमज इथे दूर होतात) तर एस्लिंगेनमध्ये फरक पडत नाही, ट्यूबिंगेनमध्ये जेवण रद्द होतं.

एस्लिंगेनमध्ये स्टेशनपासून दहा मिनिटं सरळ चाललं की गाव सुरू. बाजारचौकाच्या आसपास सगळं सपाट, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या आई-बाबांना बिनधास्त न्या. फक्त दगडी फरसबंदी आहे, चपला नकोत, बूट हवेत. जुन्या नगरभवनासमोर उभे राहा: लालसर रंगाचा नटवा दर्शनी भाग, वर घड्याळ. मग वळसा घालून मागे जा. तीच इमारत, पण मागून चक्क जाड तुळयांचं मध्ययुगीन घर! सोळाव्या शतकाच्या शेवटी हाइनरिश शिकहार्ट या वास्तुकाराने जुन्या घराला नवं तोंड लावलं, पाठ तशीच ठेवली. पाहुण्यांना मी आधी पाठच दाखवतो.

वर दिसतो त्याला सगळे किल्ला म्हणतात, पण तिथे कुणी राजा-सरदार राहिला नाही. ती शहराची तटबंदी. झाकलेल्या जिन्याने साधारण तीनशे पायऱ्या. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, आणि वरून द्राक्षमळ्यांच्या खाली लाल कौलांचं अख्खं गाव दिसतं. त्याच द्राक्षांच्या मुलखात 1826 साली केस्लर ही फेसाळ वाइनची पेढी सुरू झाली. जर्मनीतली ती सर्वांत जुनी, आणि गावातच तिचा पेला मिळतो.

ट्यूबिंगेनची मजा वेगळी. 1477 सालचं विद्यापीठ, खगोलशास्त्रज्ञ केप्लर इथेच शिकला, आणि आजही गावात विद्यार्थ्यांचंच राज्य. नदीच्या पुलावरून रंगीत घरांची रांग दिसते, कडेला पिवळा मनोरा. कवी होल्डरलीन त्यात 1807 ते 1843, म्हणजे छत्तीस वर्षं राहिला. उन्हाळ्यात सपाट, लांबुळक्या होडीतून तासभर फिरवतात. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीने नदीचा तळ रेटत नेतो. पाऊस असेल तर हे विसरा.

पण खरा ऐवज वर गढीत आहे. तिथल्या संग्रहालयात जेमतेम पाच सेंटिमीटरचा घोडा आहे, मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यातून कोरलेला, सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचा. पाय तुटलेत, मानेची कमान मात्र अशी की कोरणाऱ्याने घोडा जवळून पाहिला होता हे लगेच कळतं. त्याच गढीच्या जुन्या स्वयंपाकघरात 1869 मध्ये मीशर नावाच्या तरुण संशोधकाने जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून प्रथम तो पदार्थ वेगळा काढला, ज्याला आज आपण डीएनए म्हणतो. एस्लिंगेनच्या नगरभवनाला नवं तोंड लावणाऱ्या शिकहार्टचा पुतण्या विल्हेल्म शिकार्डही इथलाच प्राध्यापक; 1623 साली त्याने आकडेमोडीचं यंत्र बनवलं. आयटीवाल्यांनी नमस्कार करून यावं. सोमवार-मंगळवार संग्रहालय बंद, आणि चढ खडा आहे.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच. शाकाहारी असाल तर केझेश्पेट्झले मागा: हाताने पाडलेल्या जाडसर शेवयांत वितळलेलं चीज, वर कुरकुरीत कांदा. माउलटाशेन, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरलेल्या पुड्या, दिसायला निरागस, आत बहुधा मांस. शाकाहारी हवं हे आधीच सांगा. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे "भाच्यासाठी काहीतरी घेऊ" हे जमणार नाही. शनिवारी एस्लिंगेनच्या चौकात भाजीबाजार भरतो, तो चुकवू नका.

थोडक्यात: रात्रीचं विमान, सोबत आई-बाबा, सामान लॉकरमध्ये, तर एस्लिंगेन. एकटे असाल, सकाळी आठलाच निघू शकत असाल आणि तो घोडा बघायचाच असेल, तर ट्यूबिंगेन. माझे पाहुणे मी एस्लिंगेनलाच नेतो. ट्यूबिंगेनला मी एकटा जातो, आणि दर वेळी ठरवलेली परतीची गाडी सोडतो.