मंडपातली पेडलं: टीएस-९, डिस्टॉर्शन, डिले आणि वाह, चार मोसम वापरल्यावर

गिटार पेडलांचे (पायाने चालवायच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांचे) बहुतेक रिव्ह्यू बंद खोलीत, चांगल्या अँपवर आणि स्थिर व्होल्टेजवर केलेले असतात. आमचा ऑर्केस्ट्रा वाजतो यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात. नवरात्रात दुर्गामंडळं, १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम, उरलेल्या दिवसांत लग्नं. मी मुळात रॉकवाला, त्यामुळे गाणं कोणतंही असो, मधल्या म्युझिकमध्ये गिटार थोडी गुरगुरलीच पाहिजे. माझ्या पेडलबोर्डावर आयबानेझचं टीएस-९ ट्यूब स्क्रीमर (आवाज हलका फाडणारं ओव्हरड्राइव्ह), एक सेकंडहँड डिस्टॉर्शन (आवाज जास्त फाडणारं), एक डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं) आणि वाह (पाय हलवून आवाज 'वाह-वाह' करणारं) आहे. इकडच्या मंडपात यातलं काय टिकतं, तेवढंच लिहितो.

पैसे वसूल झाले ते टीएस-९ मध्ये. याच्या आत ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये डायोड बसवलेले असतात. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की ते त्याची टोकं हलकेच दाबतात. बऱ्याच डिस्टॉर्शनमध्ये डायोड सरळ ग्राउंडला जोडलेले असतात, तिथे हीच टोकं कचकन छाटली जातात. शिवाय टीएस-९ मध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला ड्राइव्ह कमी मिळतो, म्हणून आवाज मधल्या पट्टीत फुगतो. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो आणि नवीन पोरं तिथेच नाक मुरडतात. पण मंडपात खालची जागा ढोलक आणि ऑक्टोपॅडने घेतलेली असते, वरची कीबोर्डच्या स्ट्रिंग्जनी. मधे जी फट उरते त्यातूनच गिटार बाहेर पडते. बास आणि ट्रेबल वाढवून मिड (मधली पट्टी) कापलेला तो भारदस्त मेटल टोन पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जात नाही.

सेटिंगचं म्हणाल तर, बटणं घड्याळाच्या काट्यासारखी धरली तर ड्राइव्ह (आवाज किती फाटेल ते) नऊ वाजता, लेव्हल (किती मोठा बाहेर पडेल ते) तीनच्या पुढे, टोन मध्यावर. ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवण्याची ही पद्धत अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनमुळे जगभर पोचली, पण त्याचा अँप ट्यूबवाला होता. लेव्हलच्या धक्क्याने अँपच पुढे फाटायचा. आपल्याकडे साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये थेट लाइन दिली तर मिक्सर फाटतो, आणि ते ऐकवत नाही. गंमत म्हणजे फझचा, म्हणजे त्या खरखरीत फाटक्या आवाजाच्या पेडलचा, जन्म तसाच झाला. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचं चॅनेल बिघडलं आणि बासचा आवाज फाटका आला, तो लोकांना आवडला आणि १९६२ मध्ये माएस्ट्रोचं फझ-टोन पेडल बाजारात आलं. आमच्या साउंडवाल्याचं चॅनेल मात्र बिघडलं की फक्त खरखरतं. तेव्हा अँप छोटा का होईना, सोबत न्या आणि त्याच्यासमोर माइक लावा.

डिस्टॉर्शन एकट्याने फार कमी वापरतो. त्याच्या आधी टीएस-९ चालू ठेवलं तर खालचा चिखल आधीच गाळला जातो आणि पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवलेले दबके ठोके) घट्ट येतं. डिस्टॉर्शनचा गेन (फाडण्याचं प्रमाण) मात्र अर्ध्याच्या खाली. जास्त गेनमध्ये हळू आणि जोरात वाजवण्यातला फरकच संपतो. मुखडा-अंतऱ्याला मी गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणतो, आवाज जवळजवळ स्वच्छ होतो. म्युझिक आलं की दहावर. पेडल दाबायला पाय शोधत बसावं लागत नाही.

आता लाइटीचं. इकडे पेडलांचं सुखदुःख त्यावरच आहे. संध्याकाळी गावठाणाच्या लाइनवर लोड आला की ट्यूबलाइट फडफडते, आणि स्टेजवरचे एलईडी लाइट त्याच बोर्डावर लावलेले असतात. गिटारवरचं सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारं एका कॉइलचं चुंबक) ही सगळी भुणभुण पकडतं. डिस्टॉर्शन मोठ्या आवाजाला दाबतं आणि बारीक आवाजाला वर आणतं, त्यामुळे वाजवणं थांबलं की भुणभुणच पुढे येते. एका कार्यक्रमात निवेदक माइकवरूनच म्हणाला, "भाऊ, तुमचं ते भुंगा काहून करून रायलं?" अर्धं कारण पिकअपचं, अर्धं एकाच अडॅप्टरमधून चारही पेडलांना माळेसारखं दिलेलं सप्लाय. डिजिटल डिलेची बारीक शिट्टी त्या माळेतून ड्राइव्हमध्ये (टीएस-९ आणि डिस्टॉर्शनमध्ये) शिरते आणि तिथून मोठी होऊन बाहेर येते. प्रत्येक पेडलला वेगळी लाइन देणारा आयसोलेटेड सप्लाय महाग आहे. मी डिलेला वेगळा अडॅप्टर दिला आणि दोन्ही ड्राइव्ह ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीवर ठेवले. शिट्टी गेली. बॅटरीवर चालवताना ब्रेकमध्ये इनपुटची वायर काढायची, कारण पेडल बंद असलं तरी वायर खुपसलेली असेपर्यंत बॅटरी उतरत राहते.

पॉवर बँकेचा जुगाडही करून पाहिला, ५ व्होल्टचे ९ करणारी वायर लावून. डिलेवर छान चालतो. एकट्या ओव्हरड्राइव्हला मात्र करंट इतका थोडा लागतो की काही वेळाने पॉवर बँक काहीच जोडलेलं नाही असं समजून बंद होते. आणि अडॅप्टर कोणताही घ्या, पिनच्या मध्यभागी मायनस आहे ना ते बघा. घरातले बरेचसे अडॅप्टर उलटे असतात.

गाणाऱ्या गिटारवाल्यांनी हे तर वाचाच. गिटारच्या तारा वायरीतून अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अँप एका बोर्डावर, मिक्सर जनरेटरवर आणि अर्थिंग कुठेच नाही, अशा वेळी ओठ माइकला टेकले की झिणझिण्या येतात. कधी झिणझिण्यांवर भागतं, कधी जीवावर बेततं. मी सुरू होण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावतो आणि सगळं एकाच बोर्डावरून घ्यायला लावतो. साउंडवाला कुरकुरतो, कुरकुरू द्या.

डिलेने निराश केलं, पण दोष पेडलचा नाही. १२० च्या लयीला एक ठोका ५०० मिलिसेकंदाचा, त्याच्या पाऊणपट म्हणजे ३७५ लावला की स्टुडिओसारखी गुंफण तयार होते. ढोलकवाला रंगात आला की लय १२० वर राहते कुठे? टॅप टेम्पो (पायाने ठोका देऊन डिलेची लय बदलायची सोय) नसेल तर प्रतिध्वनी आणि ताल यांची भांडणं होतात. त्यात कार्यक्रम बहुधा झेडपी शाळेच्या पटांगणात, समोरच्या भिंतीवरून फुकटचा डिले आधीच परत येत असतो. आता सोलोलाच लावतो, दोन रिपीट, मिक्स कमी. पेडलबोर्डावर डिले सगळ्यात शेवटी. ड्राइव्हच्या आधी लावला तर प्रत्येक प्रतिध्वनीही फाटून गर्दी करतो.

वाह सगळ्यात आधी. सोयाबीनच्या काढणीत हवेत जी धूळ असते ती त्याच्या पॉटमध्ये (पायाने फिरणाऱ्या कंट्रोलमध्ये) बसली आणि पाय हलवला की कर्रकर्र सुरू झालं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून चालू झालं, आता कार्यक्रम संपला की प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो.

लांब वायरीने आवाज मळका होतो ही तक्रार टीएस-९ मुळे जाणवली नाही, कारण बंद असतानाही त्याचा बफर (सिग्नल पुढे जोराने ढकलणारं सर्किट) चालू राहतो. पुढची खरेदी ट्यूनर पेडलची. हॅलोजनखाली तारा तापून उतरतात, आणि दोन गाण्यांच्या मधे पब्लिकला न ऐकवता सुरात आणायला दुसरा उपाय नाही.