इंजिनचं हेड 'कंपनीचं' म्हणून घेतलं, व्हॉल्व्हच्या सीट निघाल्या लोकल

कोल्हापुरात राहून, त्यात सख्ख्या मामाची तीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेली असताना मी कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतकामाच्या मालात, फसलो, तेव्हा हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

गाडी ईको, 2014 ची, पेट्रोल, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. मार्चमध्ये रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं, झाकण उघडं ठेवून स्टार्ट केली की बुडबुडे, म्हणजे हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकच्या मधली सील) गेलेली, एवढं मलापण कळतं. गॅरेजवाल्याने हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग ज्यात हवा आणि धुराची वाट उघडबंद करणारे व्हॉल्व्ह असतात, तो उतरवला आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, दोन व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी रेघ. म्हणे हेड क्रॅक आहे, वेल्डिंग करून टिकणार नाही, पण तुझं नशीब चांगलंय, कंपनी फिटेड सीएनजी गाडीचं हेड आलंय, ॲक्सिडेंटची गाडी, कमी चाललेली, त्याच्या सीट, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्या रिंगवर टेकतो त्या, कडक असतात. हेडचे 18,500, बाकी गॅसकेट मजुरी कूलंट धरून 24,000. मी स्वतः जाऊन हेड बघून आलो, चांदीसारखं चकाचक. तिथंच डोक्यात यायला पाहिजे होतं की वापरलेलं हेड इतकं चकाचक असेलच कसं.

आता खरी गंमत. गाडी घेतली आणि इंजिन एकदम शांत. आधी सकाळी थोडी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या बारीक फटीची) टकटक असायची, ती गायब. मी खूश, बायकोला म्हटलं बघ कसलं काम केलंय पोराने. दीड महिन्यात सकाळची मिसफायर, मग पन्हाळ्याचा चढ दुसऱ्या गिअरवर, मग ॲव्हरेज गेलं. गॅरेजवाला म्हणे प्लग बदल, मग म्हणे कॉइल, मग किटचं ट्यूनिंग. असे अजून चारेक हजार गेले. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मात्र त्याने एकदाही चेक केलं नाही, आणि का केलं नाही ते आता कळतंय.

शेवटी मामा घरी आला होता, त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला टॅपेट वाजत नाही हे चांगलं नाही रे, वाजायला पाहिजे थोडं. दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात त्याच्या ओळखीच्या हेडवाल्याकडे. थंड इंजिनवर टॅपेट कव्हर उघडलं, फट मोजायच्या फीलर गेजची 0.15 मिमीची पात एक्झॉस्टच्या (धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बाजूला दोन ठिकाणी आतच जाईना. कंप्रेशन तीन सिलिंडरला ठीक, एकाला निम्मं.

हेड उतरवून टेबलावर उलटं ठेवलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. एक्झॉस्टच्या सीटभोवती ॲल्युमिनियमवर पंचाचे ठोके, गोल गोल, घड्याळाच्या आकड्यांसारखे. म्हणजे रिंग ढिली होती म्हणून आजूबाजूचं ॲल्युमिनियम ठोकून तिच्यावर दाबलेलं. हेडवाल्याने सीटला कानस लावली तर ती चावली, कडक सीटवर ती घसरते. मग मामाने हेड हातात घेऊन फिरवलं. ओतीव हेडवर नंबर उठावाचा असतो, आणि जिथे मशीनिंग नाही तिथे ओतकामाची खरखर असते. इथे नंबराच्या जागी ग्राइंडर मारलेला आणि वरून सगळीकडे ब्लास्टिंग (जोरात कण मारून साफ करणं), म्हणून ती चांदी. कडेला आर्गन वेल्डिंगची गाठ घासून सपाट केलेली, तिथला रंग किंचित वेगळा. बोट फिरवलं की कळतं, नुसतं बघून नाही.

हेडवाल्याने जे समजावलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पूर्वी अँबॅसिडरचं हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, त्यात सीट वेगळी नसायची, हेडातच कापलेली. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर ते चालून जायचं, शिशाचा थर सीट आणि व्हॉल्व्हच्या मधे गादीसारखा बसायचा. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद झालं. ॲल्युमिनियमच्या हेडात तर सीटची रिंग वेगळी दाबून बसवावीच लागते, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून रिंग भोकापेक्षा किंचित मोठी करायची, हेड तापवायचं, रिंग गार करायची आणि मग बसवायची. लेथवर अंदाजाने केलेली साध्या बिडाची रिंग थंड असताना घट्ट वाटते, गरम झाली की ढिली. त्यात सीएनजी कोरडा, पेट्रोलसारखं भिजवून गार करणारं काही नाही, एक्झॉस्टची सीट रोज ठोके खात बसते. सीट खाली बसली की व्हॉल्व्ह हेडात वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि मग जळतो. मला जी शांतता आवडली होती ती ही. वर हेडवाला म्हणाला, नशीब समजा, ती ढिली रिंग निघून पिस्टनवर पडली असती तर ब्लॉकपण गेला असता.

त्याने आठही एक्झॉस्ट सीट नव्या टाकल्या, चार व्हॉल्व्ह बदलले, पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या वाटेत) पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवलं, खाली एक थेंब आला नाही, हे माझ्यासमोर. 11,000 घेतले. हेड बसवायच्या आधी ही पेट्रोलची टेस्ट तुम्हीपण मागा, नाही म्हणाला तर गाडी उचला.

गॅरेजवाल्याकडे गेलो. आधी आवाज चढवला, मग ठोक्यांचे फोटो दाखवल्यावर म्हणे मलापण असंच मिळालं, समोरच्याने फसवलं. 5,000 दिले, बाकीचे पुढच्या महिन्यात, तो महिना अजून आला नाही. माझ्याकडे पावती आहे, पण तिच्यावर फक्त 'हेड काम 24,000' एवढंच. ना नंबर, ना जुनं की नवं, ना सीएनजी. ओळखीच्या वकिलाने ती बघून परत माझ्या हातात ठेवली.

आणि एक, जे मला सगळ्यात जास्त लागलं. माझं जुनं हेड मागितलं तर म्हणाला भंगारात गेलं. क्रॅकचा तो फोटो माझ्याच हेडचा होता का हे मी कधी बघितलंच नाही, उतरवलेलं हेड हातात घेतलंच नाही. मामाचं म्हणणं असं की फक्त गॅसकेट गेली असणार आणि माझं हेड चांगलं होतं. तसं असेल तर ते आता कुणाच्यातरी ईकोत 'कंपनीचं' म्हणून बसलेलं असणार, आणि त्याला तरी माल खरा मिळाला.