लडाखला निघण्याआधी कोणतं पुस्तक वाचायचं?

लेहला विमानानं उतरलं की पहिले दोन दिवस गुमान पडून राहा, असं सगळेच बजावून सांगतात. शहर साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हॉटेलचा एक जिना चढला तरी छाती भात्यासारखी हलते. त्या दोन दिवसांत पुस्तकासारखी सोबत नाही. म्हणूनच की काय, मे महिना संपत आला की ओळखीपाळखीचं कुणी ना कुणी मला विचारतंच, "लडाखवरचं एकच पुस्तक सांग. बॅगेत एवढीच जागा आहे."

एकच सांगणं अवघड जातं, कारण लडाखवरची चांगली पुस्तकं एकमेकांशी वाद घालणारी आहेत. एकाला तिथं हरवलेलं सुख दिसतं, दुसरं मीठ आणि जवाचा हिशेब मांडतं, तिसऱ्याला फक्त गुरू भेटतात. म्हणून निवडताना मी एकच प्रश्न विचारते. लिहिणारा माणूस लडाखात कोण म्हणून राहिला होता? पाहुणा, साधक, अधिकाऱ्याची बायको की घोड्यांमागून चालणारा गडी? त्याला काय दिसलं आणि काय दिसूच शकलं नाही, ते या उत्तरात असतं.

यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी आहेत. एक हिंदी आहे, आणि ते मराठी वाचकाला मुळीच जड जाणार नाही.

हेलेना नॉर्बर्ग-हॉज आणि जॅनेट रिझवी

खरी निवड बहुतेकांना या दोघींमध्येच करावी लागते, म्हणून इथं जरा थांबते.

लडाख पर्यटकांना खुलं झालं १९७४ साली. पुढच्याच वर्षी हेलेना नॉर्बर्ग-हॉज ही स्वीडिश भाषाअभ्यासक एका चित्रपटाच्या चमूबरोबर तिथं आली. लडाखी शिकली आणि वर्षानुवर्षं परत येत राहिली. तिचं 'एन्शन्ट फ्यूचर्स' १९९१ साली आलं. आज लेहच्या पुस्तकांच्या दुकानात पहिलं हेच हाती ठेवतात.

पुस्तकाचा पहिला भाग फार सुंदर आहे. हिमनदीचं पाणी पाटानं शेताशेतांत कसं वाटून घेतात, कापणीला एकमेकांच्या रानात कसे जातात, गाईचं शेणसुद्धा कसं वाया जात नाही, हे तिनं अंगमेहनत करून पाहिलेलं आहे. तिथं 'शोन चान' ही मोठी शिवी समजतात. अर्थ काय, तर पटकन रागावणारा. ज्या गावात तापट माणूस हीच शिवी आहे, ते गाव कसं असेल, हे एका शब्दातून कळतं.

मग रस्ता येतो, सिमेंट येतं, सिनेमा येतो, पैसा येतो. त्यातला एक प्रसंग तुम्ही पुस्तक विसरलात तरी विसरणार नाही. हेमिस शुकपाचन गावात तिनं एका तरुणाला विचारलं होतं, गावातलं सगळ्यात गरीब घर कोणतं? तो म्हणाला, आमच्यात गरीब कुणी नाही. आठेक वर्षांनी तोच तरुण एका पर्यटकाला सांगत होता की आम्ही लडाखी फार गरीब, आमच्यासाठी काहीतरी करा. मधल्या काळात गाव गरीब झालं नव्हतं. तुलना आली होती. हे पान वाचताना मला आमचं कोकणातलं गाव आठवलं. मे महिन्यात चाकरमानी आले की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या जमिनीवर सारवलेल्या शेणाची अचानक लाज वाटू लागायची. कुणी बोलत नसे, पण खुर्ची आणायला धावपळ व्हायची.

तरीही हे पुस्तक एकटं वाचू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. तिच्या जुन्या लडाखात थंडी कमी लागते आणि सारा वसूल करणारा कारभारी क्वचितच दिसतो. १८३४ साली जम्मूहून जोरावर सिंगाच्या डोग्रा फौजा आल्या. त्यानंतर इथल्या शेतकऱ्यानं कर भरले, सरकारी ओझी वाहण्याची बेगार केली. त्याच्या खुणा या चित्रात पुसट आहेत. शिवाय तिची गावं मुख्यतः बौद्ध आहेत. २०११ च्या जनगणनेत लडाखमध्ये मुसलमान सुमारे ४६ टक्के आणि बौद्ध सुमारे ४० टक्के होते. निम्म्या लडाखची गोष्ट न वाचताच आपण 'लडाख समजलं' म्हणू नये.

मी स्वतः लेहच्या पश्चिमेकडच्या, शाम नावाच्या भागातल्या एका घरी उतरले होते तेव्हा हे पुस्तक पिशवीत होतं. घरातल्या आमा-ले गुरगुर चहा ओतत होत्या. तिथली पद्धत अशी की एक घोट घेतला की कप पुन्हा काठोकाठ भरतात, त्यामुळे कप कधी संपतच नाही. लोण्याचा पिवळा थर वर तरंगत असतो, तो फुंकरीनं बाजूला सारून प्यायचं. मी विचारलं, रस्ता नव्हता तेव्हा बरं होतं का? त्यांनी आधी चुलीत शेणी सारली, मग बोटं मोजून सांगितलं. पाण्यासाठी ओढ्यावर जावं लागे, हिवाळ्यात वाळवलेल्या मुळ्याखेरीज भाजी नसे, एक मूल दवाखान्यात नेण्याआधी गेलं. आणि मग म्हणाल्या, पण तेव्हा कापणीला सगळी गात असत, आता मजूर बोलवावे लागतात. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. पुस्तकात मला दुसरीच जास्त मिळाली होती.

पहिली गोष्ट मिळते जॅनेट रिझवीकडे. तिचा नवरा लडाखमध्ये प्रशासनात अधिकारी होता, त्यामुळे ती तिथं राहिली. 'लडाख: क्रॉसरोड्स ऑफ हाय एशिया' १९८३ साली निघालं, सुधारलेली आवृत्ती १९९६ साली. नावातला 'चौरस्ता' हाच पुस्तकाचा गाभा आहे. आपण लडाखला देशाचं एक टोक समजतो. ती सांगते की तिबेट, काश्मीर, यारकंद (आता चीनच्या शिनजियांगमधलं) आणि पंजाब यांच्या वाटा जिथं मिळतात तो हा नाका होता. पश्म, म्हणजे शालीची लोकर, कुणी कुणाला विकायची हे १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहानं बांधून टाकलं. चांगथांगच्या पठारावरची लोकर लेहमार्गे काश्मीरलाच जाणार, असं ठरलं. डोग्रे लडाखवर का चालून आले, हे या लोकरीशिवाय समजत नाही. १८४१ साली जोरावर सिंग तिबेटात मारला गेला तोही याच व्यापाराच्या मागे गेला असताना.

रिझवीचं मोठं काम म्हणजे तिच्या नकाशात कारगिल आहे. सुरू नदीच्या खोऱ्यातली शिया गावं, तिथली भाषा, तिथले सण. बहुतेक सहली कारगिलला एका रात्रीपुरत्या थांबतात आणि पहाटे गाडी हलते. हे पुस्तक वाचलेला माणूस निदान संध्याकाळी बाजारात उतरेल.

पुस्तक कोरडं आहे का? मधली राजांची वंशावळ कोरडी आहे, ती सरळ उलटा. पण ज्याला एकच पुस्तक न्यायचं आहे आणि गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लावायचा आहे, त्यानं रिझवीच न्यावं. नॉर्बर्ग-हॉज परत आल्यावर वाचावं, कारण तिचे प्रश्न आपल्या घरापर्यंत येतात.

रिझवीचं दुसरं पुस्तक, 'ट्रान्स-हिमालयन कॅरव्हॅन्स' (१९९९), पहिल्यापेक्षाही मला जवळचं आहे. तांड्यांबरोबर गेलेली म्हातारी माणसं जिवंत होती तोवर तिनं त्यांना गाठून बोलतं केलं. लेहच्या बड्या व्यापारी घराण्यांचं 'लोपचाक' नावाचं पथक दर तीन वर्षांनी ल्हासाला जात असे, तेही यात आहे आणि मेंढ्यांच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या लादून जव आणणारा साधा शेतकरीही आहे. १९४९–५० च्या सुमारास चीनमधल्या सत्ताबदलानं यारकंदची वाट बंद झाली. एका पिढीचं सगळं भूगोलाचं ज्ञान निकामी झालं. हे वाचून लेहच्या त्सास सोमा बागेत जा. यारकंदी तांडे तिथंच उतरत. आता त्या जागी दगडी मध्य आशियाई संग्रहालय उभं आहे. पुस्तक वाचलं नसेल तर ती एक शांत बाग वाटते. वाचलं असेल तर खालच्या मोकळ्या जागेत घोडी बांधलेली दिसतात.

अँड्र्यू हार्वी आणि कृष्णनाथ

दोघेही मनःशांतीच्या शोधात गेलेले. हार्वी ऑक्सफर्डचा तरुण प्राध्यापक, १९८१ साली लडाखला गेला. 'अ जर्नी इन लडाख' १९८३ चं. सुरुवातीला लेहमध्ये तो चिडचिडा पर्यटक आहे, मग शे गावातल्या थुकसे रिनपोचे या बौद्ध गुरूंची भेट होते आणि पुस्तकाचा सूर बदलतो. प्रकाश, डोंगरांचे रंग, शांतता याबद्दल तो अप्रतिम लिहितो. पण माणसं त्याच्याशी फार जुळवून बोलतात. प्रत्येक लडाखी जणू त्याला काही शिकवायलाच भेटतो. बौद्ध धर्माशी ज्याची पहिलीच ओळख आहे, त्याला हे दार सोपं आहे.

मराठी वाचकानं मात्र आधी कृष्णनाथ वाचावेत असं माझं ठाम मत आहे. काशीत अर्थशास्त्र शिकवणारा हा समाजवादी विचारांचा माणूस. बौद्ध दर्शनाचा अभ्यास असलेला. 'लद्दाख में राग-विराग' हे त्यांचं पुस्तक. स्पितीवरही त्यांनी लिहिलं आहे. वाक्यं छोटी, मधे भरपूर जागा. हार्वीला जे शब्द नव्यानं शिकावे लागतात, करुणा, शून्य, विराग, ते आपल्या बोलण्यातलेच आहेत, त्यामुळे इथं समजावणं कमी आणि बघणं जास्त. गोंपातल्या, म्हणजे बौद्ध मठातल्या, भिंतीवरचं चित्र पाहून त्यांना प्रश्न पडतो तेव्हा तो आपल्याच घरातल्या शहाण्या माणसाला पडल्यासारखा वाटतो. हिंदी संथपणे वाचायची तयारी हवी. घाईच्या प्रवासात हे पुस्तक रुचणार नाही.

झंस्कर आणि तुर्तुक यांच्यासाठी

वाट वाकडी करून झंस्कर खोऱ्यात जाणार असाल तर मिशेल पेसेलचं 'झंस्कर: द हिडन किंगडम' (१९७९) घ्या. तो १९७६ साली चालत गेला. तिबेटी बोलायचा, त्यामुळे दुभाष्यावाचून लोकांशी बोलला. 'लपलेलं राज्य' हा शब्द तो जरा जास्तच वापरतो, पण रस्ता पोहोचण्याआधीचं झंस्कर पाहिल्याची नोंद म्हणून त्याला मोल आहे. आज 'शिंकू ला' या खिंडीखाली बोगद्याचं काम चाललंय.

ताबारेषेजवळच्या तुर्तुक या गावासाठीचं पुस्तक मात्र सहसा कुणी सुचवत नाही. डर्व्हला मर्फीचं 'व्हेअर द इंडस इज यंग', ते बाल्टिस्तानवर आहे. ही आयरिश बाई १९७४–७५ च्या हिवाळ्यात सहा वर्षांच्या मुलीला आणि हॅलम नावाच्या, पोलोतून निवृत्त झालेल्या घोड्याला घेऊन बर्फातून फिरली. बाल्टिस्तान पूर्वी लडाखच्याच वजारतीत, म्हणजे जिल्ह्यात, होतं. १९४८ साली ते पाकिस्तानकडे राहिलं आणि तुर्तुक १९७१ च्या युद्धात भारताकडे आलं. तुर्तुकखालून वाहणारा श्योक पुढं बाल्टिस्तानातल्या खपलूला जातो. ताबारेषेपलीकडची ती गावं आपल्याला पाहता येत नाहीत, पण या पुस्तकात ती आहेत आणि भर हिवाळ्यात आहेत.

रसूल गलवान

हे शेवटी ठेवलं, कारण जोडीला लावायला दुसरं पुस्तक नाही.

लडाखवरची जुनी प्रवासवर्णनं साहेबांनी लिहिली. विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० साली लेहला पोहोचला, पुढं कितीतरी आले. त्यांच्या पानांत 'माझ्या माणसांनी तंबू ठोकला', 'घोडेवाला कुरकुरत होता' अशी वाक्यं येतात. घोडेवाल्याचं म्हणणं काय होतं, हे कुणी लिहीत नाही. गुलाम रसूल गलवान हा तो घोडेवाला. लेहचा गरीब मुलगा. पोरवयात यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याच्या ताफ्यात चाकरीला होता, पुढं पामीर, तिबेट, यारकंदच्या मोहिमांत साहेबांबरोबर हिंडला आणि शेवटी लेहमध्ये 'अक्सकाल' झाला, म्हणजे मध्य आशियाई व्यापाऱ्यांचं बघणारा सरकारी कारभारी. बॅरेट नावाच्या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून त्यानं स्वतःचं आयुष्य, नव्यानं शिकलेल्या इंग्रजीत, लिहून काढलं. 'सर्व्हंट ऑफ साहिब्स' १९२३ साली छापलं गेलं. प्रस्तावना यंगहजबंडची. दोन वर्षांनी गलवान वारला.

इंग्रजी मोडकी आहे आणि संपादन करणाऱ्या बॅरेटबाईंनी ती मुद्दाम तशीच ठेवली. पहिली दहा पानं अडखळत जातात. मग कान लागतो. क्रियापदं चुकतात, पण थंडी, भूक, वाहून जाणारं घोडं, मुकादमाची लबाडी, साहेबाचा राग कसा शांत करायचा, यातलं काहीच चुकत नाही. काश्मीरमध्ये दरोडे घालणाऱ्या कारा गलवान या पूर्वजाची गोष्टही तो लाज न बाळगता सांगतो. आडनाव तिथूनच आलं.

ते आडनाव आपण जून २०२० मध्ये पहिल्यांदा ऐकलं. १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान गेले. नदीला नाव या माणसाचं आहे. एका मोहिमेत घळीत अडकलेल्या ताफ्याला पोरसवदा रसूलनं वाट काढून दिली म्हणून, असं त्याच्या घराण्यात सांगतात. आठवडाभर प्रत्येक वाहिनीवर ते नाव होतं, माणूस मात्र नव्हता.

प्रताधिकार केव्हाच संपला आहे. शोधलं तर जुन्या प्रतीचं स्कॅन मिळतं, बॅगेत जागाही लागत नाही. रिझवी हातात आणि गलवान मोबाइलमध्ये, असं करून बघा. विसाव्याच्या दुसऱ्या दिवशी धाप जरा बसली की त्याचं एखादं पान मोठ्यानं वाचा. हे पुस्तक डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं.