सीवूड्सच्या काकांकडून ट्रिप प्लॅन करून घेतली: छोटं सेस्ना १७२ विमान, एकटी, कोईमतूरपर्यंत आणि परत

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी थोडं सांगते म्हणजे संदर्भ लागेल. वागळे इस्टेटला आमचा मेकॅनिकल सीलचा कारखाना आहे, बाबांनी सुरू केलेला, आता मी बघते. पंपाच्या शाफ्टपाशी पाणी, केमिकल गळू नये म्हणून जी सील बसवतात ती आम्ही बनवतो, त्यामुळे आमचं गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूरची फाउंड्रीवाली मंडळी, हुबळी, आणि सगळ्यात मोठं कोईमतूर, कारण पंप म्हटलं की कोईमतूर. माझ्याकडे पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) आहे सहा वर्षांपासून, आणि तिघांनी मिळून घेतलेल्या सेस्ना १७२एस मध्ये माझा तिसरा हिस्सा. जुहूच्या विमानतळावर जागा मिळणं आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून विमान घाटापलीकडे एका धावपट्टीवर ठेवतो, समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाल्यापासून (जून २०२५) ठाण्याहून तिथे जाणं बरंच सोपं झालंय. आजपर्यंत मी शनिवार-रविवार तासा-दोन तासांच्या फेऱ्या मारलेल्या. कामासाठी, एकटीने, तीन गावं, सहा दिवस, असं कधीच नव्हतं केलं.

एका ओळखीच्या पायलटने ह्या काकांचं नाव सांगितलं. काका एव्हिएशनमधूनच रिटायर झालेत, आयुष्य फ्लाइट प्लॅन आणि हवामान ह्यातच गेलं, आता सीवूड्सला राहत्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून छोट्या विमानवाल्यांच्या ट्रिप प्लॅन करून देतात. बोर्ड नाही, वेबसाइट नाही. नाव-नंबर मीही टाकत नाहीये कारण त्यांना ते आवडत नाही, पण ह्या लाइनमधल्या कुणालाही विचारा, सांगतील. पहिल्या संध्याकाळी खिडकीतून नवीन विमानतळाकडे उतरणारं मोठं विमान दिसत होतं (२५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालाय तो), काका त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "कोईमतूरची मीटिंग कितीला आहे?" मी म्हटलं मंगळवारी अकराला. तर म्हणाले, "मग मी हे काम घेत नाही. त्यांना फोन कर आणि मंगळवार किंवा बुधवार असं विचार, जमत असेल तर बसू."

मला तेव्हा राग आला, खरं सांगते. कारण गिऱ्हाइकाला "मंगळवार किंवा बुधवार" सांगायचं म्हणजे आपण सिरियस नाही असं वाटतं ना समोरच्याला. पण काकांनी समजावलं ते पटलं. म्हणाले, छोट्या विमानाने जे लोक अडचणीत येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं विमान ठीक असतं, इंजिन ठीक असतं, फक्त कुणीतरी अकरा वाजता वाट बघत असतं. पोचायचंच आहे हे एकदा डोक्यात बसलं की समोरचा ढग छोटा दिसायला लागतो. म्हणून ते प्रत्येक मीटिंगला दोन वेळा मागून घ्यायला लावतात, आणि फोन तुम्हालाच करायला लावतात, त्यांच्यासमोर बसून. मी तीन फोन केले. तिघांनीही काही न कुरकुरता दोन-दोन वेळा दिल्या, कोल्हापूरच्या साहेबांनी तर "अहो ताई, विमानानं येताय होय, मग कवाबी या" म्हटलं.

आता प्रत्यक्ष काम काय करतात ते सांगते, कारण पैसे देताना लोकांना हेच हवं असतं. तीन संध्याकाळी, प्रत्येकी दोन-अडीच तास. पहिल्या दिवशी रूट. कोल्हापूर १८० नॉटिकल माइल, तिथून हुबळी ९०, आणि हुबळी ते कोईमतूर २८५ च्या आसपास. ११० नॉटने (तासाला ११० नॉटिकल माइल) धरलं तर एका बाजूला पाच तास, आणि माझं विमान तासाला साधारण ३५ लिटर पितं, म्हणजे १७५ लिटर, टाकीत वापरता येतं ते २०० लिटर. कागदावर बघून मी म्हटलं काका, मग एका टाकीत पोचतेच की. त्यांनी नुसतं पेन्सिलने त्या उरलेल्या २५ लिटरभोवती गोल काढला आणि विचारलं, समोरून वारा असला तर, आणि कोईमतूरला धावपट्टी बंद असली तर? मग दोन ठिकाणी एव्हीगॅस भरायचं ठरलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या विमानांचं तेल सगळीकडे मिळतं पण आपल्या पिस्टन इंजिनाचं एव्हीगॅस मोजक्याच ठिकाणी, आणि जिथे आहे तिथेही आधी बोलून ठेवावं लागतं नाहीतर बॅरल कुलपात आणि किल्लीवाला सुट्टीवर. काकांनी दोन्हीकडे स्वतः फोन लावून, किती लिटर, कुठल्या दिवशी, पैसे कसे, सगळं विचारून लिहून घेतलं.

तेल बॅरलमधून असेल तर भरल्यावर दहा मिनिटं थांब आणि मग टाकीच्या तळातून काढून बघ, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी केलंच. हुबळीच्या पुढच्या मोठ्या लेगच्या (टप्प्याच्या) आधी कप उन्हात धरला, वर स्वच्छ निळं तेल आणि तळाला हरभऱ्याएवढा एक पाण्याचा गोळा, स्थिर, काचेच्या गोटीसारखा. तीन वेळा काढलं तेव्हा पूर्ण निळं आलं. २८५ माइलचा लेग होता पुढे, खाली जंगल आणि डोंगर. त्या एका कपासाठीसुद्धा मी काकांना पूर्ण फी दिली असती.

दुसऱ्या दिवशी वजन. हॉलमध्ये चक्क वजनकाटा आहे, किराणा दुकानात असतो तसला, आणि सगळं सामान घेऊन यायला सांगतात. सॅम्पलची पेटी ३८ किलो भरली, माझी बॅग १२, शिवाय इंजिन ऑइलच्या बाटल्या (छोट्या ठिकाणी तुमच्या ग्रेडचं मिळेलच असं नाही, बरोबर न्या), दोऱ्या, चाकाखालचे ठोकळे, पाणी. १७२ च्या मागच्या सामानाच्या जागेची मर्यादा १२० पाउंड, म्हणजे ५४ किलो, आणि माझं झालं ६१. एकूण वजनाला काहीच प्रॉब्लेम नव्हता, एकटी असल्यावर भरपूर मार्जिन असतं, म्हणूनच मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. पण सगळं वजन शेपटीकडे गेलं की विमानाचा तोल मागे जातो आणि स्टॉलमधून (पंखांची उचल तुटून विमान खाली यायला लागतं त्यातून) सावरायला त्रास होतो. मग पेटी मागच्या सीटवर, दोन्ही पट्टे लावून वर जाळी. पुढे माझ्या शेजारच्या सीटवर ठेवू का विचारलं तर नाही म्हणाले, ती घसरली तर कंट्रोलवर जाईल.

तिसरी संध्याकाळ कागदपत्रांची. फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर, एफआयसी नंबर, नोटॅम (धावपट्टी बंद वगैरे पायलटांसाठीच्या सूचना). हवाई दलाकडून एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून एफआयसी हे दोन्ही नंबर हातात असल्याशिवाय टॉवर तुम्हाला सोडत नाही, आणि तीन लेग म्हणजे हे तीनदा. कोईमतूरच्या शेजारीच सुलूरचा हवाई दलाचा तळ आहे त्यामुळे तिथला रस्ता त्यांनी वेगळा काढून समजावला, कुठे आधीच बोलायचं, कुठे वाट बघायची. वेळा सगळ्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपल्या नऊचे तिथे साडेतीन, आणि थकल्यावर हे साडेपाच तासांचं वजाबाकीचं गणित हमखास चुकतं, म्हणून काका दोन रकाने करून देतात, डावीकडे आपली वेळ, उजवीकडे यूटीसी. ए-फोरचा कागद चार घड्या घालून मांडीवरच्या पाटीला बरोबर बसेल असा. प्रत्येक लेगमध्ये एका जागी लाल पेन्सिलची आडवी रेघ आणि पुढे फक्त "इथून परत", म्हणजे ह्या वेळेपर्यंत ह्या गावावर नसलीस तर वळायचं, विचार करत बसायचं नाही. आणि सगळ्या लँडिंग दुपारी बाराच्या आत. हुबळी समुद्रसपाटीपासून २२०० फुटांवर आहे, दुपारी ३३ डिग्री झालं की इंजिनला आणि पंखांना ते ५००० फुटांसारखं वाटतं, चढाई मंद होते. सूर्यास्तानंतर तर आपल्याकडे व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघून उडवणं) नाहीच.

भिंतीवर एका पुस मॉथचा (त्या काळचं छोटं विमान) फोटो आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन एकटेच निघाले, अहमदाबादला उतरून तेल भरलं, बैलगाडीतून आलेल्या डब्यांतून, आणि मग जुहूला आले. काका म्हणतात बघ, हीपण एकट्याने केलेली कामाची ट्रिपच, आणि त्यांनीही तेलाची सोय आधी करून ठेवलेली. मला हे फार आवडलं.

आता ट्रिप. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, जाताना सगळं घड्याळासारखं झालं, सकाळची हवा इतकी शांत की कपातला चहा हलला नसता. कोल्हापूरला एक दिवस, हुबळीला एक रात्र, कोईमतूर मंगळवारीच झालं, ऑर्डरही मिळाली.

परतीत हुबळीला सकाळी धुकं. दृश्यमानता ३००० मीटर, मला हवी ५ किलोमीटर. आणि कोल्हापूरला त्याच दिवशी फाउंड्रीत ट्रायल बघायला जायचं होतं, ती चुकली असती तर पुढची भट्टी लागेपर्यंत थांबावं लागणार. काकांच्या कागदावर त्या दिवसापुढे लिहिलेलं होतं: "९:३० पर्यंत ५ किमी नाही, तर बस. साहेबांना ३ वाजताचं सांग." मी साडेनऊपर्यंत विमानापाशी उभी होते. धुकं पातळ होत होतं, धावपट्टीचं टोक दिसायला लागलेलं, आणि हात अक्षरशः दरवाज्याच्या हँडलवर गेला, म्हटलं पंधरा मिनिटांत उघडेल. पण कागदावर ९:३० होतं आणि घड्याळात ९:३२ झालेले. मग पिटोट ट्यूबवर (वेग मोजणाऱ्या नळीवर) कव्हर, दोऱ्या बांधल्या, ठोकळे लावले, पार्किंगचं बोलले, पेटी रिक्षात घातली आणि स्टँडवर. बेळगाव, निपाणी करत चार तासांत कोल्हापूर, तीनला दहा मिनिटं कमी असताना फाउंड्रीच्या गेटवर. दुसऱ्या दिवशी बसने परत हुबळी, आणि त्याच्या पुढच्या सकाळी निरभ्र आकाशात घरी. सहाचे सात दिवस झाले एवढंच. एक रात्र जास्तीची पार्किंग, एक लॉज, दोन बसची तिकिटं, आणि हा खर्चसुद्धा त्यांनी आधीच "उडता आलं नाही तर" अशा वेगळ्या रकान्यात मांडून दिलेला होता.

माझ्या मते ह्या सर्व्हिसचं खरं काम हेच आहे. रूट कुणीही काढेल, आजकाल ॲपवर बोट फिरवलं की निघतो. पण न उडण्याचा निर्णय तुम्ही हॉलमध्ये चहा पीत असताना, डोकं शांत असताना घेऊन टाकता, आणि धावपट्टीवर फक्त तो वाचायचा असतो. एकटं उडताना शेजारी "नको गं" म्हणणारं कोणी नसतं.

अर्धा स्टार का कापला. वाटेतल्या एका थांब्यावर हँडलिंगवाल्याचा (विमानतळावर पार्किंग, सामान वगैरे बघणाऱ्याचा) जो नंबर दिला होता तो बंद निघाला, त्या माणसाने काम सोडून वर्ष झालेलं, मी पेटी घेऊन दीड तास उन्हात उभी, शेवटी एका फायर टेंडरवाल्या दादांनी मदत केली. काकांना सांगितल्यावर त्यांनी लगेच वहीत खोडून नवीन लिहिला आणि १००० रुपये परत केले, मी घेत नव्हते तरी. पण निघायच्या आदल्या दिवशी सगळे नंबर एकदा लावून बघायला हवेत हे त्यांच्याच पद्धतीत बसतं. दुसरं, सगळं कागदावर, पीडीएफ वगैरे मिळत नाही, मी फोटो काढून ठेवले. तुम्हीही काढा.

फी १४,००० तीन संध्याकाळची, शिवाय ट्रिप चालू असताना रोज पहाटे साडेपाचला एक फोन, हवामानावर बोलायला, तो ह्यातच धरलेला. माझ्या सात दिवसांत एकदाही चुकला नाही. तारीख बदलली तर पुन्हा हवामान-नोटॅम बघायचे वेगळे २००० घेतात. एक गोष्ट ते सुरुवातीलाच स्पष्ट विचारतात, की तुम्ही उडवण्याचे पैसे कुणाकडून घेणार आहात का, कारण पीपीएलवर ते चालत नाही, स्वतःच्या कंपनीच्या कामाला स्वतः जाणं वेगळं. कुणाला सोडायला, कुणाचा माल पोचवायला जाणार असाल तर ते हात जोडतात.

जून ते सप्टेंबर ट्रिप घेत नाहीत, कोईमतूरकडची तर नाहीच, पालघाटच्या खिंडीतून तेव्हा जो वारा येतो तो छोट्या विमानाचं काम नव्हे असं त्यांचं स्पष्ट मत. ऑक्टोबरनंतरच्या तारखा लवकर भरतात. मी नोव्हेंबरची इंदूरची आत्ताच सांगून ठेवलीये, गिऱ्हाइकाला "बुधवार किंवा गुरुवार" कळवूनसुद्धा झालंय. जाताना लॉगबुक, मेडिकल, विमानाची वजनाची शीट आणि सगळं सामान घेऊन जा, आणि सहानंतरच जा, त्याआधी काका फिरायला गेलेले असतात.