यूएसकेचा रंगीत चौकोन : जर्मनीत मुलाला गेम घेऊन देणाऱ्या आईचा रिव्ह्यू

आम्ही श्टुटगार्टजवळ बोब्लिंगेनला राहतो, २०१८ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इकडे आलो तेव्हा मुलगा ६ वर्षांचा होता, आता १३ चा आहे आणि घरात रोजचा विषय एकच, गेम. इकडे नवीन आलेल्या बऱ्याच मराठी आया मला विचारतात की अगं तो डब्यावरचा रंगीत चौकोन म्हणजे नक्की काय, तो बघून घ्यायचं का, त्यावर विश्वास ठेवायचा का. म्हणून म्हटलं एकदा नीट रिव्ह्यूच लिहून टाकू. हा कुठल्या एका गेमचा रिव्ह्यू नाही, यूएसकेच्या, म्हणजे गेमला वयाचं रेटिंग देणाऱ्या जर्मन संस्थेच्या, लेबलचा आहे, कारण मी सात वर्षं ही सेवा वापरतेय आणि त्याबद्दल माझी ठाम मतं झालीयेत.

आधी थोडक्यात. यूएसके बर्लिनला आहे, १९९४ पासून. डब्याच्या पुढच्या बाजूला कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, पांढरा ०, पिवळा ६, हिरवा १२, निळा १६, लाल १८, आकडा म्हणजे कमीत कमी वय. गेम तपासणारे लोक तो खरंच खेळून बघतात, मग तज्ज्ञांच्या समितीपुढे मांडतात, आणि शेवटचा शिक्का राज्य सरकारांचा प्रतिनिधी देतो. म्हणजे नावात इंडस्ट्रीचं स्वनियंत्रण असलं तरी सही सरकारची. बाकी युरोपात बहुतेक ठिकाणी पेगी हे वयाचं लेबल चालतं, जर्मनीचं मात्र हे वेगळं.

आता दुकानातला किस्सा सांगते म्हणजे लगेच कळेल. मागच्या सुट्टीत मुलाने आजीने दिलेले पैसे साठवले होते, आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात गेलो, त्याने निळ्या चौकोनाचा एक गेम उचलला आणि मी मुद्दाम मागे थांबले, म्हटलं बघू काय होतं. काउंटरवरच्या बाईंनी डबा हातात घेतला, चौकोन बघितला, मुलाकडे बघितलं आणि शांतपणे नाही म्हणाल्या. मुलगा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "आई, तू घे ना, तुला देतील." आणि खरंच देतात, कारण कायदा दुकानदाराला बांधतो, आईबापाला नाही. घरात काय चालवायचं ते आपण ठरवायचं. पण त्या बाईंच्या त्या एका नाही मुळे मला डबा उलटा करून मागचं वाचायला दोन मिनिटं मिळाली, मागे कारणं लिहिलेली असतात, हिंसा आहे, चॅट आहे, वगैरे. आम्ही तिथेच उभं राहून बोललो, तो डबा परत ठेवला आणि हिरवा घेतला. थोडी रडारड झाली, घरी येईपर्यंत संपली. मला त्या बाईंचे आभार मानायचे होते, तेव्हा राहूनच गेलं.

दुकानात ही शिस्त का आहे ते समजून घ्यायला २००२ मध्ये जावं लागतं. एप्रिलमध्ये एरफुर्टच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार करून १६ जणांना मारलं आणि सगळ्या देशाचं बोट काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमकडे गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी बोर्डाने तो गेम काळ्या यादीत न टाकायचा निर्णय दिला तेव्हा लोक प्रचंड चिडले होते. मग १ एप्रिल २००३ पासून नवीन युवक संरक्षण कायदा लागू झाला आणि यूएसकेचा चौकोन, जो तोपर्यंत नुसता सल्ला होता, तो बंधनकारक झाला. माझा नवरा त्याच काळात पुण्यात सायबर कॅफेमध्ये तासावर पैसे देऊन मित्रांबरोबर हाच काउंटर-स्ट्राइक खेळायचा, तिथे वय कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता, शाळेतली पोरंही शेजारच्या मशीनवर असायची.

विनेनडेन हे गाव तर आमच्या अजून जवळ, एस-बानने म्हणजे लोकल ट्रेनने जाता येतं. मार्च २००९ मध्ये तिथल्या शाळेत १७ वर्षांचा मुलगा बापाची बंदूक घेऊन गेला, १५ माणसं गेली. मेलेल्या मुलांच्या आईबापांनी मिळून त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये श्टुटगार्टच्या ऑपेराबाहेर मोठा कंटेनर ठेवला होता, लोकांनी आपले हिंसक गेम आणून त्यात टाकावेत म्हणून. फारच थोडे गेम पडले. ते वाचल्यापासून त्या चौकातून जाताना मला दरवेळी तो कंटेनर आठवतो. ज्या आईचं लेकरू सकाळी दप्तर घेऊन गेलं आणि आलंच नाही तिने काहीतरी करायचं म्हणून एवढं केलं, तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. पण मला हेही वाटतं की ती बंदूक बापाच्या बेडरूममध्ये कुलपाशिवाय पडलेली होती, हा मुद्दा गेमच्या भांडणात मागे पडायला नको होता.

या भीतीपोटी इथे गेमची काय काय कापाकापी झाली ते ऐकून नवरा अजून हळहळतो. हाफ-लाइफ त्याने हॉस्टेलवर खेळला तेव्हा समोर सैनिक होते, इथल्या ऑफिसातल्या मित्राकडच्या जर्मन सीडीत त्याच जागी रोबोट. डूम १९९४ ला काळ्या यादीत गेला तो २०११ ला बाहेर आला. यादीत गेलेल्या गेमची जाहिरात करायची नाही, दुकानात मुलांना दिसेल असा मांडायचा नाही, मोठ्या माणसाने मागितला तरच द्यायचा, आणि ही नोंद २५ वर्षं टिकते. मुलांपासून लांब ठेवायला एवढं मला पटतं. पण मोठ्यांसाठीच्या १८ च्या गेममध्येही माणसाचा रोबोट करणं मला पटत नाही, मग त्या लाल चौकोनाचा उपयोग काय.

सगळ्यात वाईट वाटलं ते वोल्फेनश्टाइन २ चं, २०१७ चा गेम. नाझींविरुद्ध लढायची गोष्ट आहे आणि जर्मन आवृत्तीत स्वस्तिक काढलेलं, नाझी हा शब्द नाही, हिटलरची मिशी गायब आणि त्याचं नाव हायलर! ज्या देशात शाळेतल्या मुलांना छळछावणी बघायला घेऊन जातात तिथेच हे. चित्रपटात ती चिन्हं चालायची, कला म्हणून, गेमला मात्र ती सवलत देत नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये यूएसकेने धोरण बदललं, आता प्रत्येक गेमचा वेगळा विचार होतो की चिन्ह कशासाठी दाखवलंय. आम्ही त्याच वर्षी आलो होतो आणि आमच्या घरात तेव्हा वेगळाच प्रश्न होता, दिवाळीत दाराबाहेरच्या रांगोळीत स्वस्तिक काढायचं की नाही. शेवटी दाराच्या आत काढलं, देवापाशी. शेजारच्या आजींना घरी फराळाला बोलावून समजावून सांगितलं, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांना त्याच्याकडे बघायला अवघड जातं पण आमचं वेगळं आहे हे कळतंय. त्यामुळे चिन्ह कुठे आणि कशासाठी हे बघून ठरवायचं, ही यूएसकेची नवी पद्धत मला मनापासून पटली.

रीजन लॉकचा, म्हणजे एका देशातला गेम दुसऱ्या देशात न चालण्याचा, त्रासही आम्ही भोगलाय. भावाने त्याच वर्षी पुण्याहून नवऱ्याच्या वाढदिवसाला याच वोल्फेनश्टाइन २ ची आंतरराष्ट्रीय आवृत्ती गेम चालू करायचे कोड विकणाऱ्या एका साइटवरून पाठवली, इथे ती चालूच होईना, जर्मनीत बंद होती. विकणाऱ्याने हे कुठेच लिहिलं नव्हतं आणि पैसेही परत केले नाहीत, भावाला किती वाईट वाटलं. म्हणून सांगते, भारतातून कुणी गिफ्ट पाठवणार असेल तर आधी थांबवा, इथूनच घ्या. लाल चौकोनाचा डबा ऑनलाइन मागवला तर पोस्टमन दारात पासपोर्ट किंवा आउसवाइस (ओळखपत्र) बघतो, आम्हाला त्याचे वर ५ युरोही पडले होते, पण निदान ते पार्सल शाळेतून आलेल्या मुलाच्या हातात जात नाही.

आता मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट, आणि मी चार स्टार देतेय ते मुख्यतः यासाठी. २०२१ ला कायदा सुधारला आणि २०२३ च्या सुरुवातीपासून यूएसके नुसतं रक्त मोजत नाही, गेममधली खरेदी, नशिबावर निघणाऱ्या वस्तू, अनोळखी लोकांशी चॅट, रोज खेळायलाच लागेल असा दबाव, हेही वय ठरवताना बघतात. त्या वर्षी ईए स्पोर्ट्सचा एफसी २४ आला, साधा फुटबॉलचा गेम, आधीचा फिफा २३ पांढरा ० होता आणि हा एकदम हिरवा १२! मुलगा तेव्हा ११ चा, वर्गातली सगळी पोरं खेळतायत, तो म्हणे आई यात कोण कुणाला मारतंय. मी मागचं वाचलं, पैसे देऊन पाकिटं उघडायची आणि आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. त्याच्या आधीच्या वर्षी एका मोबाईल गेममध्ये त्याने माझ्या कार्डवरून ८४ युरो असेच घालवले होते, कुठेही इशारा नव्हता, रात्री बिल बघून मी पलंगावर बसूनच राहिले होते. तलवारीने घाबरणारं माझं पोर नव्हतंच, पण चमचमती पेटी उघडताना त्याचे हात थरथरायचे ते मी बघितलंय. हे कुणीतरी धोका म्हणून डब्यावर छापलं याचं मला फार समाधान वाटलं.

एक स्टार कापला तो ऑनलाइनसाठी. दुकानातल्या बाईंसारखं तिथे कुणी नाही. जन्मतारीख विचारतात, मुलाने १९८५ टाकलं की झालं. गेल्या दोन वर्षांत थोडं घट्ट झालंय, नोव्हेंबर २०२४ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर ज्या गेमला वयाचं रेटिंग नाही तो जर्मनीत दिसतच नाही, कायद्याचीच अट आहे. पण रेटिंग दिसणं वेगळं आणि समोरचा खरंच किती वर्षांचा आहे ते बघणं वेगळं. कन्सोलवर पॅरेंटल कंट्रोलमध्ये वय टाकून ठेवलं की बरंच काम होतं, ते आईबापांनीच करायचं, डबा घरी आला त्याच संध्याकाळी, मुलाच्या शेजारी बसून करा, लपून नको.

भारताशी तुलना होतेच. कोथरूडला माझा भाचा १४ चा आहे. तिकडे २०१९ ला मुंबईतल्या ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने पबजी बंद करा म्हणून हायकोर्टात याचिका गेली, गुजरातेत तर खेळताना सापडली म्हणून पोरांना पोलिसांनी धरलं, मग सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला पण कारण मुलांचं नव्हतं, चीन आणि डेटाचं होतं. नंतर त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, तीही मध्ये बंद झाली, मे २०२३ ला परत आली ती १८ खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घेऊन. चांगलंच आहे. पण भाच्याने पहिल्याच दिवशी १८ पूर्ण म्हणून टाकलं आणि त्याच्या आईला कळलंही नाही. आपल्याकडे एकतर सगळं बंद नाहीतर सगळं उघडं, मधला तो काउंटरवरचा माणूसच नाही, ज्याला नाही म्हणायचा अधिकार आहे आणि नाही म्हटलं नाही तर दंड आहे.

वापरायचं कसं : यूएसकेच्या साइटवर शोधायला पैसे लागत नाहीत, इंग्रजीतही आहे, गेमचं मूळ नाव टाकलं की रंग आणि कारणं येतात. मुलाच्या वाढदिवसाची यादी आली की मी आधी एकेक नाव तिथे टाकते. भारतात हा चौकोन दुकानात बंधनकारक नसला तरी माहिती वाचायला कुणालाच अडचण नाही, भाच्याच्या आईलाही मी तीच लिंक पाठवलीये आणि ती आता रविवारी त्याच्याबरोबर बसून बघते.